ब्रेकचं बयान

मंगरुळपीरच्या आमच्या मिस्त्रीचाचांइतका सावकाश ब्रेक दुरुस्त करणारा माणूस उभ्या वऱ्हाडात झाला नाही, आणि पुढे होईल असंही मला वाटत नाही. बाकीचे मिस्त्री गाडी आली की आधी चाकं उतरवत आणि मग काय झालं म्हणून विचारत. चाचा पान्याला हात लावण्याआधी मालकाला बाकावर बसवत आणि त्याचं बयान घेत. बयान हा त्यांचाच शब्द. बिघाड कधी झाला, गाडीत कोण कोण होतं, कोण कुठे बसलं होतं, आदल्या दिवशी गाडी कुठल्या झाडाखाली उभी होती, सगळं. जऊळक्याचे एक पाटील आल्या आल्या ‘गाडी लय ओढून राह्यली’ म्हणाले, तर ब्रेक लावल्यावर गाडी एका अंगाला ओढते असं समजून चाचांनी दोन तास त्यांना डावं की उजवं एवढंच विचारलं. पाटील बिचारे गाडीच्या ताकदीचं कौतुक करत होते. आले होते नुसती हवा भरायला.

बिघाड सापडेपर्यंत चहा घ्यायचा नाही, हा त्यांचा दुसरा नेम. त्यात कधी होणारा आणि कधी न होणारा बिघाड आला की चाचा चार-चार दिवस बिनचहाचे फिरत आणि घरादाराशी भांडत. एकदा तर चाची थेट गॅरेजात आल्या आणि गिऱ्हाइकालाच हात जोडून म्हणाल्या, भाऊ, ही गाडी विकून टाका. पण ब्रेकच्या कामात अंदाज चालत नाही, असं चाचांचं ठाम मत होतं. ब्रेकचं तेल ते बोटावर चोळून, डोळे मिटून असं हुंगत की पाहणाऱ्याला ते अत्तर वाटावं.

माझी आणि त्यांची खरी ओळख झाली एकाहत्तर-बाहत्तरच्या सुमाराला. मी विशीतला, नुकतंच लायसन काढलेला, आणि गावातल्या एका वकीलसाहेबांकडे ड्रायव्हर म्हणून लागलेला. आमच्या घराण्यात महिन्याच्या महिन्याला पगार आणणारा मी पहिलाच. गाडी माझ्याहून वयानं मोठी, आणि तिला एक खोड लागली. उतारावर मधूनच ब्रेकचं पायडल दाबलं जाईना. दगडावर पाय द्यावा तसं व्हायचं. हँडब्रेक ओढून गाडी थांबवावी, खाली उतरावं, परत बसून पाहावं, तर सगळं ठीक. साहेबांनी चालवली, चाचांनी चालवली, तेव्हा काहीच नाही. मी बसलो की मात्र हटकून. दुसऱ्यांदा गाडी नाल्यात जाता जाता वाचली तेव्हा साहेब म्हणाले, शनिवारपर्यंत दोष गाडीत सापडला तर ठीक, नाहीतर तो तुझ्यात आहे असं समजून मी दुसरा ड्रायव्हर बघतो. घरी हे सांगायची माझी हिंमत झाली नाही.

चाचांनी बयानं घ्यायला सुरुवात केली. जन्मभर दुसऱ्यांची उलटतपासणी घेतलेले वकीलसाहेब त्या बाकावर घामाघूम झाले. पाइप सोडले, वॉशर बदलले, तरी काही हाती लागेना. शनिवारी, तिसऱ्या बिनचहाच्या दिवशी, चाचांनी हुकूम सोडला की गाडी नाल्यात जाता जाता वाचली त्या दिवशी होतं ते सगळं जसंच्या तसं पाहिजे. तोच आसेगावचा रस्ता, तीच कागदांची पेटी मांडीवर घेऊन मागे साहेब, आणि चाचा स्वतः माझ्या शेजारच्या सीटपुढे पाय ठेवायच्या जागेत, माझ्या पायांकडे तोंड करून उकिडवे. रस्त्यानं जाणारे लोक वाकून बघत होते.

उतार लागला आणि पायडल अडलं. मी हँडब्रेक ओढून गाडी कशीबशी उभी केली. चाचांनी हात लांब करून पायडलखालून माझी चप्पल बाहेर काढली. जाड, टायरच्या सोलाची. गाडीत बसलो की मी चपला काढून सीटखाली सारायचो. उतारावर त्यातली एक घसरून पायडलखाली जायची, आणि थांबलो की पायानं चाचपून मीच ती घालून उतरायचो. म्हणजे तीन दिवस मी पुरावा पायात घालून चाचांसमोर बयान देत होतो.

मागून साहेबांनी विचारलं, काय सापडलं मिस्त्री? चाचांनी चप्पल सदऱ्याखाली सरकवली.

“पायपात कचरा हाय, साहेब. जुनी गाडी हाय, होते असं. आजच साफ करून देतो.”

मग अर्धा दिवस ते गाडीखाली पडून उगाच ठोकाठोक करत राहिले. साहेब घरी गेल्यावर त्यांनी मला बाकावर बसवून विचारलं, गाडीत चपला काहून काढतं? मी म्हणालो, बाबांनी सांगितलं होतं. बाबांचं अर्धं आयुष्य मोठ्या लोकांच्या ओट्यापुढून चपला हातात घेऊन जाण्यात गेलं. छप्पन साली त्यांनी दीक्षा घेतली, घरातले देव काढले, पण ही सवय काही निघाली नाही, आणि नोकरीच्या पहिल्या दिवशी त्यांनी ती माझ्या हवाली केली. साहेबाच्या गाडीत चपला घालून बसू नको, म्हणाले. मीही कधी त्यावर विचार केला नव्हता. चाचा बराच वेळ हात पुसत राहिले.

“साहेबाचा जीव तुह्या पायात असते, बेटा. त्या पायाले लाज कायची?”

एवढं बोलून त्यांनी दोन चहा मागवले.

नोकरी टिकली. पुढे बाबांना वाशीमच्या दवाखान्यात न्यायचं होतं तेव्हा साहेबांनी आपणहून गाडी दिली. बाबा दाराशी चपला काढायला वाकले, मी म्हणालो, राहू द्या. ते चपला घालून माझ्या शेजारी बसले खरे, पण वाशीम येईपर्यंत दोन्ही पाय त्यांनी बोटभर वर उचलून धरले होते. चाचांना हे सांगितलं तेव्हा ते हसतील असं मला वाटलं होतं. ते हसले नाहीत. म्हणाले, “टेकवतीन. एका खेपीनं कसे टेकवतीन?”

वर्षभरानं पुन्हा जायची वेळ आली. अर्ध्या वाटेत मी खाली पाहिलं, तर बाबांना डुलकी लागली होती आणि पाय चपलांसकट ऐसपैस टेकलेले होते. मला इतका आनंद झाला की तो कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना. पण सांगण्यासारखा माणूस एकच होता, आणि तोवर चाचा गॅरेज बंद करून अकोल्याला लेकाकडे राहायला गेले होते. ते सांगायचं माझं राहूनच गेलं.