शालनबाईंची ट्यूब

शालनबाई समोरच्या खोलीत राहायला आल्या, त्या पहिल्याच आठवड्यात मी त्यांच्याशी दोनदा भांडले. एकदा ट्यूबवरून आणि एकदा कोंबडीवरून. म्हणजे भांडले मी, त्या नुसत्या ऐकून घेत होत्या.

टिटवाळ्याच्या आमच्या या इमारतीत एका मजल्यावर सहा घरं, सगळी एका खोलीची, दारासमोर दार. त्यांच्या दारावरच्या काचेतून ट्यूबचा उजेड निघायचा, तो माझ्या दारावरच्या काचेतून थेट माझ्या उशीवर यायचा. रात्रभर. नौपाड्यातल्या एका दवाखान्यात तेहतीस वर्षं केसपेपर लिहून मी निवृत्त झाले आणि परवडेल अशी जागा म्हणून इथे आले. जन्मभर लोकांना नाव, वय, काय होतंय एवढंच विचारलं. पुढचं ऐकायला डॉक्टर होते. त्यामुळे की काय, माणसांचा मला लवकर वैताग येतो.

"अंधारात झोप नाही लागत ओ मॅडम," त्या म्हणाल्या. "सवयच नाही."

"आणि ही कोंबडी?"

"ती काय करते? बसूनच असते."

ते मात्र खरं होतं. कोपऱ्यात पसरलेल्या गोणपाटावर एक पांढरी कोंबडी बसली होती. मानेवरची पिसं झडलेली, चोचीचं टोक कापलेलं. खोली मोकळी होती, दार उघडं होतं, पण ती जागची हलत नव्हती.

शालनबाईंची सव्वीस वर्षं एका पोल्ट्रीवर गेली होती. शेडला लागूनच त्यांची खोली. नवरा भिवा पहाटे चारला शेडमधले बल्ब लावायचा, संध्याकाळी पुन्हा आठपर्यंत. तो गेल्यावर दोन वर्षं ते काम त्यांनी केलं. आवारात मुंगूस येतं म्हणून रात्रभर हॅलोजन जळायचा, त्याचा उजेड खिडकीतून यांच्या अंथरुणावर. सव्वीस वर्षं ही बाई उजेडात झोपली. मुलगी स्वप्ना दिवा स्टेशनजवळ राहते, तिच्या दोन खोल्यांत पाच माणसं आणि दिवसाआड पाणी. तिने कर्ज काढून आईला ही जागा घेऊन दिली आणि रविवारी न चुकता फोन करते. बाकी सहा दिवस शालनबाई आणि ट्यूब.

शेडमध्ये एकेका पिंजऱ्यात चार कोंबड्या असत, पंख उघडायलाही जागा नाही. तळाची जाळी उतरती, अंडं पडलं की घरंगळत बाहेरच्या पन्हळीत जाणार. "तिचं अंडं तिला दिसतच नाही," शालनबाईंनी मला सांगितलं. दीड वर्षात अंडी कमी झाली की अख्खा लॉट ट्रकमध्ये भरून जायचा, आणि त्या दिवशी प्रत्येक कामगाराला घरी न्यायला कोंबड्या मिळायच्या, हा तिथला रिवाज. सव्वीस वर्षं यांनी त्या आणल्या, कापल्या, खाल्ल्या. पोल्ट्री सोडताना, शेवटच्या लॉटला मात्र एकच मागितली.

"मग ही का नाही कापलीत?" मी विचारलं. वाटलं, आता काही दयेबियेचं ऐकायला मिळेल.

"एकटीला अख्खी कोंबडी कशी संपणार?" त्या म्हणाल्या. "उद्या कापू, उद्या कापू करता करता राहिली."

त्या तिला 'बये' म्हणायच्या. पहिले चार दिवस बया गोणपाटावरून उतरली नाही. पाचव्या दिवशी तिने तिथेच अंडं घातलं, उठली आणि वळून त्याच्याकडे बघत राहिली. शालनबाईंनी ते लगेच उचललं नाही. "बघू दे म्हटलं पोटभर," असं त्या मला सांगत होत्या, आणि सांगताना हसल्या. तोवर मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

मग रोज एक अंडं. पोल्ट्रीने कमी देते म्हणून काढलेली कोंबडी इथे एक दिवस चुकेना. एकट्या बाईला रोज अंडं कशाला हवं? त्या वाटायला लागल्या. आज या घरी, उद्या त्या घरी, चार साठली की स्टीलच्या वाटीतून माझ्याकडे. बायका दारात थांबून बोलायला लागल्या. पोरं कोंबडी बघायला येऊन बसायची. ज्या घराच्या कडीला आठवडा आठवडा कुणी हात लावत नव्हतं, तिथे संध्याकाळी चपला काढायला जागा पुरेना. मीही जायची. नौपाड्यातली माझी भाची नीला खोक्यातली केज-फ्री, म्हणजे पिंजऱ्यात न कोंडलेल्या कोंबड्यांची अंडी आणते आणि त्याचं मोठं कौतुक सांगते. तिला मी शालनबाईंच्या समोरच फोनवर म्हटलं, आमच्याकडे तर कोंबडीला वन-आरके आहे. ट्यूबबद्दलची तक्रार मी केव्हाच सोडून दिली होती. उजेड उशीवर येत होता, पण अंडी ताटात येत होती ना.

दिवाळीनंतर एका सकाळी त्यांनी माझं दार वाजवलं. बया उंबऱ्यावरून खाली उतरली आणि कोसळली होती. एवढासा तो उंबरा. आम्ही तिला टोपलीत घालून कल्याणला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. पाय मोडला होता.

डॉक्टर तरुण होते, पण नीट बोलणारे. म्हणाले, "कवच बनवायला चुना लागतो. खाण्यातून पुरला नाही तर तो ती आपल्या हाडांतून काढून देते. हाडांत काही उरलेलंच नाही हिच्या. या वयात, थंडीच्या या लहान दिवसांत रोज अंडं? रात्री घरात दिवा असतो का?"

"असतो की," मीच पटकन म्हणाले. "रात्रभर ट्यूब असते." माझा जुना मुद्दा अखेर कुणीतरी काढला, याचं मला चक्क बरं वाटलं. आज त्याची लाज वाटते.

डॉक्टरांनी पायाला काडी बांधली, पावडर लिहून दिली. दोन महिने तिला जपा म्हणाले, आणि सूर्य मावळला की अंधार हवा. अंडी थांबतील, ती थांबायलाच हवीत. नाहीतर ही जगणार नाही.

परतताना रिक्षात शालनबाई टोपलीवर हात ठेवून बसल्या होत्या. म्हणाल्या, "बल्ब कशाला लावतात, ते मला कुणी सांगायला पाहिजे होतं का? चारला बटण दाबायचे ते काय देवपूजेला? सोळा तास उजेड दिला की त्यांना वाटतं दिवस मोठाय, अंडं द्यायचंय. मला सगळं ठाऊक होतं, मॅडम. इथे मला वाटलं, आपलं घर आहे. घरात लाईट लावली तर काय होतं?" आणि मग, "तुमच्या भाचीच्या खोक्यावर लिहिलेलं असतं का, रात्री झोपू देतात ते?"

मी म्हटलं, विचारते. विचारलं नाही.

मी त्यांना सुचवलं की तिच्यावर टोपली पालथी घाला आणि तुम्ही खुशाल उजेडात बसा. त्यांनी तेही करून पाहिलं. पण वरून काही झाकलं की बया वेड्यासारखी धडका द्यायची. मोडक्या पायाने ते चालण्यासारखं नव्हतं. मग त्यांनी ट्यूब बंद केली. टीव्ही बंद केला. बुद्धमूर्तीपुढचा छोटा बल्बसुद्धा काढून ठेवला, दारावरच्या काचेला आतून पुठ्ठा लावला. सहा वाजता जेवून घ्यायच्या आणि मग दार लावून काळोखात बसून राहायच्या, ज्यांना काळोखाची सवयच नव्हती त्या.

आठ-दहा दिवसांत अंडी थांबली. अंडी थांबली तशी आमची पावलंही थांबली. कुणी ठरवून केलं नाही. काळोख्या घरात जाऊन बसायचं तरी काय, असं जिन्यात एकमेकींना म्हणायचो. पोरांनाही न चालणाऱ्या कोंबडीत रस उरला नाही. मी नीलाला सांगून एक खोकं मागवून घेतलं. आणि माझ्या उशीवरचा उजेड गेला, तर मला झोप येईना. पडल्या पडल्या त्या बंद काचेकडे बघायची आणि वाटायचं, पलीकडे ती बाई भिंतीला टेकून जागी असेल. वाटायचं आणि मी कूस बदलायची.

त्यांची स्टीलची वाटी माझ्याकडेच राहिली होती. भांडं रिकामं परत देत नाहीत, म्हणून काहीतरी करून देऊ असं म्हणत मी ती दोन महिने फळीवर ठेवली. संक्रांत होऊन गेली, तिळगूळसुद्धा त्यात घालून नेला गेला नाही. शेवटी एक दिवस सूर्य मावळताना उठले, वाटीत ज्वारी भरली आणि त्यांचं दार वाजवलं.

"लोटलेलंच आहे," आतून आवाज आला.

दार उघडलं तसा जिन्यातला उजेड माझ्या आधी आत शिरला. त्या पलंगावर बसल्या होत्या, दोन्ही हात मांडीवर. बारीक झाल्या होत्या. कोण आलंय ते त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं.

"मॅडम, अंडी नाहीयेत हं," त्या म्हणाल्या.

त्यात टोमणा नव्हता. उगाच हेलपाटा पडला म्हणून त्यांना माझंच वाईट वाटत होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अंड्यांसाठी नाही आले," मी म्हटलं.

"मग?"

त्यांना खरोखरच कळत नव्हतं. मी वाटी पुढे केली. "वाटी द्यायची राहिली होती. ज्वारी आहे. तिच्यासाठी."

"दार लोटून घ्या मग. उजेड येतोय," त्या म्हणाल्या. मी दार लोटलं आणि चाचपडत खुर्चीकडे गेले, तशा घाईने म्हणाल्या, "तिथे नको. तिची वेळ झाली."

मी खाली फरशीवर बसले. उजेडातून आल्यामुळे मला काहीच दिसत नव्हतं. थोड्या वेळाने नखं फरशीवर वाजली, एक पाय जड, एक हलका. थांबली. मग पंखांची एकच फडफड आणि खुर्चीच्या खालच्या दांडीवर काहीतरी येऊन बसलं.

"चार दिवस झाले," शालनबाई हळू आवाजात म्हणाल्या. "रोज चढते. कुणी शिकवलं नाही तिला. कुणाला सांगू म्हटलं, तर कुणी आलंच नाही."

आता मी रोज सूर्य मावळताना जाते. अंडी अजून नाहीत.