स्पिरिट की रिठ्याचं पाणी

नातीने बिट्टन मार्केटमधून रेकॉर्ड पुसायचं औषध आणलं. झाकण उघडताच स्पिरिटचा वास आला आणि टी. टी. नगरचं क्वार्टर आठवलं.

तेव्हा ह्यांनी रेकॉर्ड पुसायला स्पिरिटची बाटली आणली होती. इथे भोपाळात रेकॉर्डला तवाच म्हणायचे. मी म्हटलं, "तवे घासायचं मला विचारा. रिठ्याचं पाणी घ्या."

लाखेची जुनी रेकॉर्ड स्पिरिटने खराब होते, असंही माझ्या कानावर होतं. स्पिरिट लावून बघू या म्हणून ह्यांनी माझी माहेरची एकुलती एक रेकॉर्ड उचलली.

"अहो, तुमच्या रेकॉर्डमधली घ्या की."

"ही तू कधी लावत नाहीस."

"रेकॉर्डचं मशीन तुम्ही सोडता कधी?"

ह्यांनी बाटलीला बूच लावलं, रिठा भिजवला, माझीच रेकॉर्ड पुसून लावली. तेव्हा जिंकल्यासारखं वाटलं. आता वाटतं, भांडायची गरज नव्हती. नुसतं 'लावा' म्हटलं असतं तरी त्यांनी लावली असती.