किसनची जीप आणि मी भरलेला डबा

किसन गेल्याचा फोन त्याच्या लेकीचा, सुनंदाचा आला. "काका, बाबा गेले," एवढंच ती बोलली. पुढचं मला नीट ऐकूच आलं नाही... त्याला आता महिना होत आला. तेव्हाच लिहायला बसणार होतो, पण वसमतच्या शोकसभेनं डोकं फिरलं. तिथं एका म्हाताऱ्यानं फोटोला हार घातला, कोरडे डोळे रुमालानं पुसले आणि किसनच्या प्रामाणिकपणावर दहा मिनिटं भाषण केलं. हा म्हातारा माझा जुना मालक. लोक माना डोलवत होते आणि मला शिसारी येत होती. उठून बाहेर आलो, नळावर तोंड धुतलं. पण ही किळस त्या एकट्याची असती तर धुऊन गेली असती.

गोष्ट एकोणीसशे सत्तरनंतरच्या वर्षांतली. मी या मालकाच्या स्पेअरपार्टच्या दुकानात कामाला होतो आणि किसन खिल्लारे वसमत-औंढा रस्त्यावर जीप चालवायचा. लष्करानं लिलावात काढलेली ती जीप आमच्या दोघांच्याही आधी जन्मलेली. किसननं ती बंद पडलेली आणली होती. त्यांच्या वस्तीतल्या लिंबाखाली वर्षभर एकेक भाग खोलून, रॉकेलनं धुऊन, पुन्हा बसवून त्यानं ती उभी केली. वस्तीतली ती पहिली मोटार. ज्यांनी त्याच्या बापाला कधी बैलगाडीच्या साट्यावर टेकू दिलं नव्हतं, ते लोक आता "किसनराव, पुढची सीट ठेवा बरं का," म्हणायचे. किसन हसून ठेवायचाही.

तेलाच्या बाबतीत मात्र तो कुणाचं ऐकायचा नाही. तेव्हा इंजनातली मळी धुऊन काढणारं नवं तेल बाजारात आलं होतं. दुकानदार तेच खपवायचे. किसन म्हणायचा, "दत्ता, या इंजनात तीस वर्साची मळी बसलीय. ती एकदम सुटली की तेलाची बारीक वाट बुजवून टाकंल. हिला साधं, जुन्या चालीचंच तेल पायजे." उन्हाळ्यात चाळीस नंबरचं घट्ट तेल, थंडीत तीस नंबरचं पातळ. डबा उघडला की तेल दोन बोटांत चोळून, नाकाशी नेऊन मगच ओतायचा.

आणि आमच्या दुकानामागच्या पत्र्याच्या खोलीत काय चालायचं? ट्रकांचं जळकं, काळं तेल पिंपात आणून निवळायचं, तरटातून गाळायचं, थोडं चांगलं तेल मिसळून रंग आणायचा आणि कंपनीच्या रिकाम्या डब्यांत भरायचं. झाकणाला कथलाचा डाख देऊन डबा सीलबंद करायचं काम माझं. त्या तरटावर उरणारा गाळ... केस, माती, मेलेल्या माश्या, लोखंडाचा चुरा. जेवताना नखांतून तोच वास यायचा. तरी मी जेवायचो. किसनसाठी मात्र खरा डबा वेगळा काढून ठेवायचो आणि एवढ्यावर स्वतःला भला माणूस समजायचो.

एका एप्रिलमध्ये खरा माल संपला. नेमका त्याच दिवशी किसन घाईत आला. जीपमध्ये नवरीकडची माणसं बसलेली, लग्न औंढ्याला. मालक माझ्या बाजूलाच उभा होता.

"बराबर हाय ना रे माल?" किसननं विचारलं.

"व्हय," मी म्हणालो आणि मागच्या खोलीतला डबा पुढं केला.

त्या दिवशी त्यानं बोटं लावली नाहीत. वास घेतला नाही. माझा शब्द पुरला त्याला.

औंढ्याच्या अलीकडे इंजन खडखडलं आणि जाम झालं. पाण्यासारखं पातळ झालेलं तेल, आतली बेरिंगं घासून गेलेली. नवरीची आजी तळपत्या उन्हात दोन कोस चालत गेली. दुसऱ्या दिवशी किसननं दोन बैल जोडून जीप भर बाजारातून ओढत आणली. दुकानापुढं थांबला, इंजनाखालचा नट सोडला, वाटीत तेल घेतलं आणि मालकापुढं धरलं.

मालक हसला. "भंगारातली गाडी, अन् चालवणार तुमी लोक. दुसरं काय व्हणार?"

'तुमी लोक' हे दोन शब्द त्यानं असे उच्चारले, जसा माणूस पायाला लागलेली घाण झटकतो. किसननं त्याच्याकडं पाहिलंच नाही. माझ्याकडं पाहिलं. "दत्ता, तू सांग."

मी म्हणालो, "डबा सीलबंद होता."

"हात पुढं कर." मी केला. त्यानं वाटीतलं तेल माझ्या तळहातावर ओतलं. "चोळ. आता वास घे." मी घेतला. तो बैल हाकत निघून गेला.

मागं जाऊन मी भडाभडा ओकलो. त्या आठवड्यात नोकरी सोडली आणि ट्रकवाल्यांना, जीपवाल्यांना सगळं सांगितलं. त्यांनी दुकानापुढं डबे फोडले, रस्ता काळा झाला. मालकाचं काय झालं? महिनाभर शटर बंद राहिलं, मग दुसऱ्या नावाची पाटी लागली. बस, तेवढंच. किसनला मात्र इंजन पुन्हा उभं करायला दीड वर्ष लागलं. तोवर तो दुसऱ्यांच्या रानात हळद खणायला जात होता. रस्त्यात भेटला की माझ्याकडं न बघता पुढं जायचा.

मग एका सकाळी तो माझ्या दारात येऊन उभा राहिला. "चल नांदेडला. तेल आणायचंय."

मी घाईनं चपला शोधू लागलो. तो म्हणाला, "माफ केलं असं समजू नको. खोटं तेल तुझ्याइतकं कोन वळखतं?"

त्यानंतर जीप चालती असेपर्यंत आम्ही दोघं नांदेडला जात राहिलो. माफीचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही, मीही नाही.

परवा सुनंदानं मला घरामागच्या शेडमध्ये नेलं. बंद पडलेली जीप तिथंच उभी होती. दाराच्या आतल्या बाजूला किसननं ती पुन्हा चालू करायची कामं खडूनं लिहून ठेवली होती. टायरात हवा भरणे. बॅटरीत पाणी घालणे. सगळ्यात खाली, जरा थरथरत्या अक्षरात... तेल बदलणे, दत्ताला नेणे.

"पुसू का काका?" सुनंदानं विचारलं.

"राहू दे," मी म्हणालो, आणि नांदेडची गाडी किती वाजता आहे ते तिला विचारलं.