माडीवर राजा, गादीवर आई

ठाण्याच्या आमच्या घरी एक राजा राहून गेला, असं मी म्हटलं की घरातली पोरं एकमेकांकडे बघून हसतात. हसोत बापडी. तो आला तेव्हा दारात मी होते, आणि पाय धुवायला पाण्याचा तांब्या मीच पुढे केला. राजा येणार म्हटल्यावर घोडा, निदान एखादा मेणा, दोन भालदार असं काहीबाही माझ्या डोक्यात होतं. आला तो भाड्याच्या टांग्यातून, धुळीने माखलेला, बरोबर एक कारभारी आणि एक गाठोडं. डोंगरातून कल्याणपर्यंत बैलगाडी आणि पुढे आगगाडी. माझं माहेर कल्याणचं आणि लग्न नुकतंच झालेलं, तेव्हा खरं सांगायचं तर मला त्याला आधी कल्याणचीच खबर विचारावीशी वाटली. विचारली नाही.

माझे सासरे, आमचे मामंजी, ठाण्याच्या कोर्टात वकील होते. त्या डोंगरी संस्थानाचं सरकारदरबारी काही काम निघालं की ते त्यांच्याकडे यायचं. म्हणून राजा दुसरीकडे न जाता आमच्या माडीवर उतरला. त्याच्या मुलखात बंड झालं होतं. बरोबर आलेल्या त्या कारभाऱ्यानेच रान ठेकेदाराला देऊन टाकलं होतं. तेव्हापासून तिथल्या लोकांना लाकूड तोडायला बंदी, पेरणीआधी शेतात राबाचा पालापाचोळा जाळायला बंदी, मोहाची दारू गाळायचं तर नावच नको. लोकांनी ठेकेदाराच्या लाकडांच्या थप्प्या पेटवल्या आणि तिरकमठे घेऊन राजवाड्याभोवती येऊन बसले. राजा मागच्या दाराने निघाला तो थेट ठाण्याला. आता मोठ्या साहेबाला भेटायचं, इंग्रजाचा आसरा मागायचा, पलटण घेऊन परत जायचं, असा बेत. आणि त्याची आई मात्र तिकडेच, त्या वाड्यात, त्या लोकांच्या मध्ये. ती यायला कबूल झाली नाही, एवढंच तो सांगे, आणि सांगताना दर वेळी खाली बघे.

मला यातलं काही नीट कळेना. बंड करणारे लोक येऊन बसतात कशाला? बसायचं तर बंड कसलं? मी यजमानांना विचारलं तर म्हणाले, तुला काय करायचंय. म्हणजे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

घरात आणखी वेगळाच घोळ. राजा आमच्या जातीचा नव्हे. त्या डोंगरातल्याच लोकांपैकी, पूर्वजांनी कधीतरी गादी मिळवलेली. सासूबाईंना प्रश्न पडला की राजा म्हणजे देवाचा अंश, त्याला ओटीवर कसं वाढायचं? आणि आत पंगतीला तरी कसं घ्यायचं? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. शेवटी माडीवर चौरंग मांडून, चांदीचं ताट देऊन त्याला एकट्यालाच जेवायला बसवलं. मानही राहिला आणि सोवळंही राहिलं. सासूबाईंचे गुडघे धरलेले, म्हणून ताट घेऊन जिना चढायचं काम माझ्याकडे. तो बिचारा आमचा बारीक भात चिवडत बसे आणि मग हळूच म्हणे, वहिनी, नाचणीची भाकरी मिळेल का? गड्यांसाठी केलेल्या भाकऱ्यांतली एक मी त्याला नेऊन देई. चांदीच्या ताटात ती भाकरी बघून मला हसू यायचं आणि वाईटही वाटायचं.

साहेबाच्या भेटीच्या आदल्या दिवशी दुपारी मागच्या दारी एक बाई आली. पाय फुटलेले, तोंड सुकलेलं. ती राजाच्या आईची चाकरीण होती आणि एवढं अंतर चालत आली होती. पुढे ओटीवर कारभारी दिसला म्हणून ती मागच्या अंगाला वळली. मी पाणी दिलं. प्यायली आणि म्हणाली, "म्हातारी गादीवर बसलीय. धान्य शिवत नाय. राजाला सांग."

आता एवढ्यावर मला काय कळणार? खोदून खोदून विचारलं तेव्हा कुठे उलगडा झाला. त्या मुलखात गादी सुनी ठेवत नाहीत. राजा गावाबाहेर निघाला की आपलं पागोटं आपल्या हाताने गादीवर ठेवतो. तो परत येईपर्यंत लोक त्या पागोट्याला जोहार करतात, आणि पागोट्यासमोर कुणी हत्यार धरत नाही. आमचा राजा पळाला तो घाईत, पागोटं डोक्यावरच. मग गादीवर रक्ताच्या माणसाला बसावं लागतं, आणि राजा परत येईपर्यंत, नाहीतर राजा मेल्याची खबर येईपर्यंत, त्या माणसाने धान्याला शिवायचं नाही. दूध आणि कंदमुळं, बस्स. म्हातारी तशी बसली होती. आणि तिला दूध आणून कोण देत होतं, तर तेच बंडवाले.

मी म्हटलं, अगं मग ते तिरकमठे कशाला? तर ती माझ्याकडेच वेड्यासारखी बघायला लागली. रानातून रिकाम्या हाताने कोण येतं, म्हणे. लोक गाऱ्हाणं घेऊन आले होते. राजा बाहेर येईल, ऐकून घेईल, म्हणून बसले होते. पण थप्प्या जाळल्या त्याचं काय, असंही मी विचारलं. जाळणारे हेच की दुसरे, ते तिलाही सांगता येईना.

मी वर जाऊन राजाला होतं तेवढं सांगितलं. त्याने डोक्यावरचं पागोटं काढून मांडीवर घेतलं आणि त्याच्याकडे बघत राहिला.

"विसरलो, वहिनी," तो म्हणाला. "जाळ बघितला आणि विसरलो. ते मला मारायला आले होते का हो?"

हे त्याने मला विचारावं! मी तोवर ठाणे आणि कल्याण सोडून तिसरं गाव पाहिलेलं नव्हतं. मी म्हटलं, तुमची आई अजून जिवंत आहे ना? त्यावरून काय ते समजा. तो उठला, गाठोडं बांधायला लागला. तेवढ्यात मामंजी आणि कारभारी वर आले आणि त्याला समजावू लागले. साहेबाची भेट मागून पाठ फिरवली तर साहेबाचा अपमान होईल, उद्या हाच राजा बंडाला सामील होता असं म्हणतील, आणि त्या लोकांनी खरंच मारलं तर? मामंजी वाईट माणूस नव्हते. त्यांना मनापासून त्याचा जीव वाचवायचा होता. राजा गाठोडं सोडी, बांधी, पुन्हा सोडी. सकाळी तो साहेबाच्या बंगल्यावर गेला.

साहेबाने आसरा दिला. पलटण निघणार असं ठरलं. मग राजाने विचारलं, मी पुढे होऊन आईला उठवू का? साहेब म्हणाला, आता तुमच्या जिवाची जोखीम आमच्यावर. सगळं शांत होईपर्यंत ठाण्याबाहेर पाऊल टाकायचं नाही. मामंजींनी घरी येऊन हे मोठ्या कौतुकाने सांगितलं. राजाने त्यांना पुन्हा पाठवलं, की पलटण नको, मला नुसतं जाऊ द्या. भीक नको पण कुत्रा आवर, अशी गत झाली. पण आता कोण कुणाला आवरणार? दुसऱ्या दिवशी आमच्या दारात एक शिपाई येऊन बसला. राखणीला, म्हणे. राजा जिन्याच्या चार पायऱ्या उतरला की हा उठून आडवा उभा.

तेव्हा राजाने पागोटं मामंजींच्या हाती दिलं आणि पलटणीबरोबर पुढे पाठवायला सांगितलं. पागोटं बघून आई उठेल, एवढाच त्याचा हेतू. मी तिथेच उभी होते, म्हणून खात्रीने सांगते.

पलटणीबरोबर कारभारी गेला होता. तो परत आला ते हसत हसत. एकसुद्धा गोळी उडाली नाही, म्हणाला. पुढे एक हवालदार दोन्ही हातांवर पागोटं घेऊन चाललेला. लोकांनी ते पाहिलं, तिरकमठे खाली ठेवले आणि जोहाराला जमिनीवर आडवे झाले. तसे आडवे असतानाच पलटणीने त्यांना बांधलं. साहेब म्हणाला, राजा फार हुशार, काय नामी युक्ती काढली!

"मी युक्ती केली नव्हती," राजा म्हणाला. मामंजींना म्हणाला, यजमानांना म्हणाला, मला म्हणाला, दारातल्या शिपायालासुद्धा म्हणाला. सगळ्यांना वाटलं, विनय आहे.

आणि आई? पागोटं गादीवर ठेवलं ते पलटणीच्या गोऱ्याने. गादी सुनी राहिली नाही, म्हणून ती उठली. पण ठेवणारा हात राजाचा नव्हता आणि राजाही आला नव्हता, म्हणून धान्याला ती शिवेना. बांधलेल्या माणसांच्या बायकांबरोबर चालत ती ठाण्याला आली आणि तुरुंगासमोर झाडाखाली बसली. आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर म्हणा ना! हे कळल्यावर सासूबाई अस्वस्थ झाल्या. नेमातली बाई आपल्या गावात उपाशी बसणार, हे त्यांना बघवेना. तिथे त्यांनी जात काढली नाही. मी आणि आमची मोलकरीण रोज दूध घेऊन जायला लागलो. म्हातारी वाळून काटकी झाली होती. दूध घ्यायची, पण लेकाचं नाव काढायची नाही. एकदाच विचारलं, माडीवर तो खातो काय? मी म्हटलं, नाचणीची भाकरी. तिने मान हलवली.

मी परतले की राजा जिन्यात उभा. प्यायली का? किती प्यायली? काही म्हणाली? मला त्याची कीव यायची आणि संतापही यायचा. अरे, जा ना! एका शिपायाला घाबरतोस? हे सगळं मनातल्या मनात. तोंडाने मी म्हणे, प्यायली हो.

शेवटी मामंजींनी खटपट करून साहेबाची परवानगी आणली. राजाचं पागोटं तिकडे गादीवर, तेव्हा मामंजींचीच पगडी घालून तो निघाला. ती त्याच्या कपाळावर उतरत होती. मागे शिपाई. मी दुधाचा तांब्या घेऊन आधीच तिथे पोचले होते.

तो आईच्या पाया पडला. म्हणाला, मी आलो, आता जेव. तिने पगडीकडे पाहिलं, मग शिपायाकडे पाहिलं.

"कुणाला विचारून आलास?"

"साहेबाला."

"आतल्यांना सोडवशील?"

"साहेबाला विचारतो."

"मग मी जेवू का नको," म्हातारी म्हणाली, "तेही त्यालाच विचारून ये."

मला वाटलं, आता हा रडेल, तिच्या पायाशी बसेल, काहीतरी करेल. तो उठला. आणि मग खरोखरच साहेबाच्या बंगल्याकडे चालायला लागला, भराभरा, एका हाताने पगडी सावरत. आतल्या लोकांचं विचारायला निघाला की जेवणाचं, देव जाणे. शिपाई मागोमाग गेला.

तो वळणापलीकडे दिसेनासा होईपर्यंत म्हातारी बघत होती. मग तिने शेजारच्या बाईच्या फडक्यातली भाकरी ओढली, तुकडा मोडला आणि खाल्ला. चावून चावून, सगळी भाकरी खाल्ली. भोवतीच्या बायकांनी तोंडात पदर कोंबले, कुणी वारल्यासारखे. मी तांब्या पुढे केला तर हातानेच नको म्हणाली.

घरी येऊन मी सासूबाईंना सांगितलं, म्हातारी जेवली. त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी देवापुढे साखर ठेवली. ती साखर माझ्याही हातावर दिली, आणि मला ती तोंडात घालवेना.