पायांनी म्हटलेला शब्द

आज आंब्याची पेटी आली आणि आतल्या पेंढ्याच्या वासानं मला जामसरचं खळं आठवलं. संस्थान विलीन होऊन थोडीच वर्षं झाली होती आणि मी जव्हारच्या शाळेत इंग्रजीचा नवा मास्तर होतो. 'थ्रेश' म्हणजे मळणी करणं, हे क्रियापद मी मोठ्या हौसेनं शिकवलं. जर्मन 'ड्रेशन' आणि डच 'डॉर्सन' ही त्याचीच भावंडं. मूळ अर्थ पाय आपटत तुडवणं, काठीनं झोडणं नंतरचं. "मग त्यांच्याकडं बैल नव्हतं का, गुरुजी?" एका विद्यार्थिनीनं विचारलं. रविवारी ती मला जामसरला आपलं खळंच दाखवायला घेऊन गेली. नेमका त्यांचा एक बैल लंगडत होता, भात उघड्यावर पसरलेलं आणि आभाळ भरून आलेलं. घरची सगळी माणसं मधल्या खांबाभोवती फिरत स्वतःच भात तुडवायला लागली. मीही धावलो, तर तिची आजी ओरडली, "गुरुजी, बूट काढ! दाण्यावर येतंस!" मी अनवाणी घुसलो. तालासाठी मी 'थ्रेश' म्हणायचो, पोरं 'ड्रेशन' ओरडायची, आणि 'डॉर्सन'ला आजीचा पाय सगळ्यांत जोरात पडायचा. शेवटची टोपली घरात जाते न जाते तोच पाऊस कोसळला. पोटऱ्या चोळत आम्ही हसत बसलो, तेव्हा आजीनं विचारलं, "तिकडची माणसं पण बूट काढतात ना रे?" "काढतच असतील, आजी," मी म्हणालो. कुठल्याही कोशात तसं लिहिलेलं नाही. पण मघाशी पेटीतला पेंढा जमिनीवर पसरला, तेव्हा मी आधी चपला काढल्या.