खाडीच्या तोंडाशी

ज्या माणसाकडून मी होडी विकत घेतली तो आज हयात आहे की नाही, मला ठाऊक नाही. नसला तरी त्याच्यावरचा माझा राग कमी झालेला नाही. लोक म्हणतात, इतकी वर्षं झाली, सोड आता. ज्यांचं काही गेलेलं नसतं त्यांना असं बोलायला सोपं जातं.

मालवणच्या दक्षिणेला, खाडी समुद्राला मिळते तिथे आमची वाडी. शाळा अर्धवट टाकून मी आधी मासळीच्या टोपल्या वाहिल्या, मग सायकलवरून मासळी विकली, आणि पुढे किनाऱ्यावरच्या लिलावात उभा राहून बोली लावू लागलो. समोरच्याला किती घाई आहे ते ओळखायचं आणि त्या बेताने भाव पाडायचा, हे मला कुणी शिकवलं नाही. जीभ तिखट, डोकं तापट. त्यामुळे माणसं दुरावली, पण घरावरच्या झावळ्या जाऊन कौलं आली.

वडील मात्र जन्मभर दुसऱ्याच्या होडीवर खलाशी राहिले. आमच्याकडे होडी नवी आणली की ती पहिल्यांदा खाडीबाहेर काढताना समुद्राला नारळ देतात आणि गाऱ्हाणं घालतात. मालकाने किंवा त्याच्या घरच्या वडीलधाऱ्याने देवाशी मोठ्याने बोलायचं, ‘बा देवा म्हाराजा, ही लेकरां तुझ्या पदरात घातली आसत, त्यांका राखून घरी हाड,’ म्हणजे सांभाळून घरी आण, आणि प्रत्येक वाक्याला खलाशांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. वडिलांच्या वाट्याला नेहमी ते ‘व्हय म्हाराजा’च आलं. सगळं गाऱ्हाणं त्यांना पाठ होतं. न्हाणीच्या चुलीत जाळ घालताना ते हळू आवाजात म्हणत असायचे, कुणी आलं की गप्प व्हायचे. अलीकडे त्यांची छाती भरून यायची, चार पावलं चालले की थांबावं लागायचं. मी होडी घेतली ती धंद्यासाठी हे खरं, पण घाई केली ती त्या गाऱ्हाण्यासाठी. आपल्या होडीतून त्यांनी ते एकदा तरी घालावं, एवढंच मनात होतं.

शिमगा झाल्यावर विजयदुर्गला एक म्हातारा होडी विकतोय असं कळलं. फायबरची होडी, मागे लावायचं जुनं इंजिन. ते सुरू पेट्रोलवर करायचं आणि मग रॉकेलवर चालवायचं. म्हाताऱ्याने मला त्याच्या खाडीत फिरवून आणलं. इंजिन एकदाही खोकलं नाही. मग आम्ही त्याच्या पडवीत बसलो आणि दिवेलागणीपर्यंत भावावरून भांडलो. शेवटी तो थकला आणि माझ्या आकड्यावर आला. सौदा ठरला तरी मी उठलो नाही. ठरल्या किमतीवर वर काहीतरी घेतल्याशिवाय उठायचं नाही, ही माझी सवय.

रॉकेलच्या प्लास्टिकच्या कॅनला झाकण नव्हतं. तोंडात काथ्याचा बोळा कोंबलेला होता.

“ह्यां काय?” मी म्हटलं. “होडी विकतंस की भंगार? ह्येका झाकण खंय?”

“तुका झाकण व्हया?”

“व्हया तर! बोळो घालून रॉकेल सांडत जाव मी?”

म्हातारा हसला. घरात गेला आणि आट्यांचं एक झाकण घेऊन आला. बोळा काढून पडवीत टाकला, झाकण फिरवून बसवलं. “घे शेट. घट्ट आसा हां. थेंब सांडूचो नाय.”

होडी टेम्पोवर चढवून तळेऱ्यावरून घरी आणली. वडील रस्त्यावर येऊन उभे होते. त्यांनी होडीभोवती एक फेरी मारली, लाकडाच्या होडीला ठोकतात तसं बोटाने ठोकून बघितलं. पूर्वी मचव्यावर पिण्याच्या पाण्याचं पिंप त्यांच्या ताब्यात असे. झाकण सैल राहिलं आणि खारं पाणी आत गेलं की सगळ्यांचे घसे कोरडे. ती सवय हाडात मुरलेली. त्यांनी रॉकेलच्या कॅनभोवती भिजलेलं गोणपाट गुंडाळलं, सुतळीने बांधलं, म्हणजे ऊन लागायला नको, आणि झाकण पुन्हा एकदा ताकद लावून आवळलं.

चांगला दिवस बघून आम्ही निघालो. वडील पुढे नारळ मांडीवर घेऊन बसलेले, दोन खलाशी, मी इंजिनाशी. पेट्रोलवर सुरू केलं, रॉकेलवर घेतलं. खाडीच्या तोंडाशी लाटा फुटतात तिथे पोचलो, आणि इंजिन धडपडून बंद पडलं. खलाशाने रॉकेल संपलं का म्हणून झाकण उघडून बघितलं. कॅन भरलेला होता. त्याने झाकण लावलं, मी दोरी ओढली, इंजिन सुरू. पण तेवढ्यात लाटांनी होडी आत ढकलली होती.

“बाबा, घाला आता,” मी म्हटलं.

“नाय,” वडील म्हणाले. “होडी आपल्या बळान भायर जावची लागता. बंद पडलेल्या होडयेतसून गाऱ्हाणा घालूचा नसता.”

परत फिरलो. घरापर्यंत इंजिन सुरळीत चाललं. पुन्हा गेलो, पुन्हा त्याच जागी बंद. नंतरही तसंच. जाताना मरायचं, येताना चालायचं. वाडीत बोलणं सुरू झालं की जुन्या मालकाचं मन होडीत अडकलंय. लिलावाला उभा राहिलो की मासळी विकणाऱ्या बाया विचारायच्या, “शेट, होडी घेतलंस की पाळणो? हलता खरो, पण खंय जायना मा!”

त्यातल्या एकीला मी इतकं बोललो की तिने महिनाभर मला मासळी दाखवली नाही.

मालवणहून मेकॅनिक आणला. त्याने प्लग बदलले, कार्बोरेटर उघडून धुतला, पंपाचा पडदा बदलला. पाण्याने भरलेल्या पिंपात इंजिन लावलं आणि स्वतःच्या कॅनचं रॉकेल जोडलं. गिऱ्हाइकाच्या रॉकेलवर त्याचा विश्वास नव्हता. त्या पिंपात इंजिन तासन्‌तास चालायचं.

“इंजिन बरां आसा,” तो हात पुसत म्हणायचा.

“मगे होडयेत बसून चल माझ्याबरोबर. थंय बघ.”

“माका नको रे बाबा. माका पाणी लागता.”

त्याचं म्हणणं, रॉकेलमध्ये पाणी असणार. मी रॉकेल बदललं, मलमलीतून गाळून घेतलं. वडील ते आपल्या हाताने कॅनमध्ये ओतायचे, काठोकाठ, आणि झाकण आवळायचे. खाडीच्या तोंडाशी इंजिन बंद. नळी बदलली. बंद. मग माझी खात्री पटली की म्हाताऱ्याने मला फसवलं. फिरवून आणताना वेगळं इंजिन, टेम्पोत चढवताना वेगळं. आवरण तेच, आतलं यंत्र दुसरं.

एसटीने तळेऱ्याला उतरलो, तिथून विजयदुर्गची गाडी धरली. रस्ताभर डोकं तापत होतं. म्हातारा पडवीत जाळं सांधत बसला होता. मी अंगणातूनच सुरुवात केली. शेजारपाजारचे दारात आले.

“इंजिन बदललंस! चोर मेलो!”

“हयसर तू स्वता चलवलंस. थंय बंद पडता, त्येका मी काय करू?”

“मी ओरोसाक जातंय. कलेक्टरासमोर उभो करतंय तुका!”

“जा. कलेक्टर येतलो काय दोरी ओढूक?”

लोक हसले. मला त्याच्या अंगावर जायचं होतं, दोघांनी धरलं. मग म्हाताऱ्याने जाळं बाजूला ठेवून विचारलं, “कॅन तोच आसा मा?”

“तोच. आता नीट झाकण लावलेलो. तुझो बोळो नाय.”

त्याने माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा जाळं ओढून घेतलं. “मगे माका ठाव नाय,” म्हणाला, आणि मान खाली घातली.

मी शिव्या देत परतलो. ते वाक्य मला तेव्हा निर्लज्जपणाचं वाटलं. ते काय होतं हे कळायला श्रावण यावा लागला.

समुद्र बंद व्हायला आला होता. वारा फिरला, पाणी गढूळ झालं. वडिलांना आता पायऱ्या उतरवत नव्हत्या. तरी एका सकाळी ते म्हणाले, “झिला, आज बघूया.” खलाशांनी त्यांचे हात आपल्या खांद्यांवर घेऊन त्यांना होडीत बसवलं. नारळ त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता.  खाडीच्या तोंडापर्यंत मी देवाचं नाव घेत होतो, जे मी एरवी घेत नाही. इंजिन धडपडलं. मी मूठ पिळली, शिव्या घातल्या, आवरणावर बुक्की मारली. बंद.

लाटा मोठ्या होत्या, पुन्हा सुरू करायला वेळ नव्हता. खलाशांनी वल्ही काढली. वडील पाठमोरे बसले होते. त्यांच्या ओठांतून ते गाऱ्हाणं ऐकू येतंय का म्हणून मी कान दिला. ते काही म्हणत नव्हते. किनाऱ्याला लागल्यावर त्यांनी नारळ माझ्या हातात दिला. “ठेव. पावस गेल्यार बघू.”

आषाढात ते गेले. शेवटचे दिवस त्यांना श्वास पुरत नव्हता, गालफडं आत गेली होती. बाहेर पाऊस असा की बोललेलं ऐकू यायचं नाही.

श्रावणात उघडीप मिळाली तेव्हा होडीवरच्या झावळ्या काढल्या. कॅनभोवतीचं गोणपाट कुजून गेलं होतं, मी ते ओढून फेकून दिलं. एक खलाशी बरोबर घेऊन शांत खाडीतच इंजिन सुरू केलं. आमच्या वाडीपासून तोंडापर्यंत जेवढा वेळ लागतो, साधारण तेवढ्या वेळाने इंजिन धडपडलं. या वेळी माझी नजर कॅनवर होती. आजवर गोणपाटाआड असलेला कॅन उघडा होता. त्याच्या दोन्ही बाजू आत ओढल्या गेल्या होत्या, गालफडं बसल्यासारख्या. मी झाकण सैल केलं. कॅनने फुस्स करून हवा ओढली आणि डब्ब आवाज करून बाजू बाहेर आल्या.

एवढंच होतं. रॉकेल बाहेर जायचं तर तेवढी हवा आत यायला हवी. झाकण हवा येऊ देत नव्हतं. काथ्याच्या बोळ्यातून ती येत होती. बंद पडल्यावर दर वेळी आम्ही रॉकेल बघायला झाकण उघडत होतो, म्हणून परतीची वाट निभत होती. मेकॅनिकच्या कॅनच्या झाकणाला हवेसाठी भोक होतं, म्हणून पिंपात काही सापडत नव्हतं.

मी खाडीच्या मधोमध तसाच बसून राहिलो. खलाशी विचारत होता, “काय झाला? शेट, काय झाला?” माझ्या डोळ्यांसमोर ती पडवी होती. ज्याच्या घरात आट्यांचं झाकण आहे तो माणूस कॅनला काथ्याचा बोळा का लावतो? कारण ठाऊक असतं म्हणून. विकताना विसरला असेल, मी समजू शकतो. मी त्याचा भाव पाडला होता, राग असेल, तेही समजतो. पण मी त्याच्या अंगणात उभा होतो, त्याने कॅनचं विचारलं, मी झाकणाचं सांगितलं, आणि त्या क्षणी त्याला कळलं होतं. ‘मगे’ म्हणाला तो, म्हणजे झाकण आहे तर मग. झाकण सैल कर, एवढं म्हणायला किती श्वास लागला असता? मी चोर म्हटलं होतं, म्हणून त्याने ते गिळलं. माझ्यावर सूड घ्यायचा होता तर माझ्यावर घ्यायचा. माझ्या घरात कोण वाट बघत होतं हे त्याने विचारलं नाही.

नारळी पौर्णिमेला कॅनच्या तोंडात काथ्याचा बोळा घालून आम्ही निघालो. खाडीच्या तोंडाशी इंजिन एकदाही खोकलं नाही. लाटा ओलांडून बाहेर आल्यावर मीच ते बंद केलं. वडिलांच्या हातातला नारळ पावसाळ्यात नासला होता, हा दुसरा होता. खलाशी टोप्या काढून उभे राहिले आणि माझ्याकडे बघू लागले. मालक मी होतो. गाऱ्हाणं मला पाठ आहे. न्हाणीच्या दाराबाहेर उभं राहून ऐकलेलं.

“तू घाल,” मी त्यांतल्या वयस्कर खलाशाला म्हटलं.

“मी? शेट, मी कसो घालू? मालकान घालूचा असता.”

“घाल म्हणतंय ना!”

तो घाबरत घाबरत सुरू झाला. मधले शब्द विसरत होता. प्रत्येक वाक्याला मी होडीच्या पुढच्या टोकाकडे, नाळेकडे, जिथे वडील बसायचे तिथे बघत ‘व्हय म्हाराजा’ म्हणत राहिलो.