जाण्यापुरती बॅटरी

ती गाडी भावानं घ्यायला लावली. भाऊ पुण्याला असतो आणि पुण्यात बसून उज्जैनचे प्रश्न सोडवायची त्याला भारी हौस. इथे माधवनगरात आई आणि मी, दोघीच. मी बँकेतून रिटायर झाले आणि आता जरा निवांत बसेन म्हटलं, तोच आईला आतड्याचा कॅन्सर निघाला. केमो सुरू झाली आणि तिला पेट्रोलचा वास सोसेना. नुसतं इंजिन सुरू झालं तरी पोटात ढवळून यायचं. दवाखाना घराजवळच होता, तिथवर व्हीलचेअरवर नेता यायचं. अडचण मावशीची होती.

मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. ती भैरवगढला राहते आणि खुब्याचं हाड मोडल्यापासून पलंगावरच आहे. दोघी बहिणी एकाच गावात पडल्या, त्यामुळे दर गुरुवारी आई तिच्याकडे जायची म्हणजे जायचीच. मला ताप असो, घरी पाहुणे असोत, गुरुवार चुकायचा नाही. आता फोनवर बोल म्हटलं तर म्हणे, "फोनमध्ये काय बोलायचं? तोंड दिसत नाही." मी व्हिडिओ कॉल लावून दिला. मावशीनं सवयीनं फोन कानाला धरला आणि आई बराच वेळ तिचा कान बघत बसली. मग माझ्या हातात फोन देऊन म्हणाली, "हे असलं नको बाई."

ऑटोचा प्रश्नच नव्हता. ई-रिक्शात बसवून पाहिलं, तर खड्ड्यांनी तिची कंबर गेली आणि पुढच्या बसचा धूर थेट तोंडावर. भाड्याची इलेक्ट्रिक गाडी मागवली, तर ड्रायव्हरनं आत असलं काही अत्तर मारलं होतं की आई दारातूनच परत फिरली. तेव्हा भावानं इंदूरहून ही जुनी गाडी शोधली. प्लग-इन हायब्रिड. घरी प्लगला लावून ठेवायची. बॅटरी आहे तोवर आवाज नाही की वास नाही, आणि ती संपली की पेट्रोलचं इंजिन आपोआप लागतं. मी म्हटलं, मग सरळ पूर्ण इलेक्ट्रिकच घेऊ या ना. तर म्हणाला, "रस्त्यात बंद पडली तर आईला घेऊन उभी राहशील का?" नवी घ्यायची आमची ऐपत नव्हती, जुनी पूर्ण इलेक्ट्रिक घ्यायची त्याला भीती वाटत होती. आली ही.

पहिल्या गुरुवारी आई जीव मुठीत धरून बसली होती. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत लिंबू. फ्रीगंजचा पूल उतरून खाली आलो तरी काही झालं नाही, तेव्हा तिनं विचारलं, "गाडी चालू आहे ना?" मी म्हटलं, "अगं, पूल ओलांडलास तू." तेव्हा कुठे हसली. भैरवगढला मावशीच्या बोळात गाडी शिरत नाही. बोळाच्या तोंडाशी थांबलो, तर शेजारच्या कापड-छपाईवाल्यांनी तिला खुर्चीसकट उचलून आत नेलं. मी गाडी लावून पोचते तोवर दोघी एकमेकींचे हात धरून बसल्या होत्या आणि माझ्याच तक्रारी चालल्या होत्या. त्या घरात सगळा दिवस ओल्या रंगाचा वास असतो, मला तर डोकेदुखी होते. आईला त्याचं काही नाही! येतानाही बॅटरीवरच आलो, घरी पोचून वर थोडी उरलीसुद्धा.

ते सुख फार टिकलं नाही. जुनी बॅटरी, त्यात आमचा उन्हाळा. आधी येताना आमच्या फाटकाशी इंजिन लागलं. मग पुलावर लागायला लागलं, मग चामुंडा चौराह्यावर. सिंहस्थाच्या कामांसाठी रस्ते खोदून ठेवलेले, त्यामुळे लांबचा फेरा पडायचा तो वेगळाच. मी एसी बंद ठेवायचे, हळू चालवायचे, मागून हॉर्न वाजवणाऱ्यांना मनातल्या मनात शिव्या घालायचे. बॅटरी खाली येत चालली की आई त्या आकड्याकडे बघत नसे, डोळे मिटून घ्यायची. इंजिन लागलं की आधी तिच्या हातातली पिशवी उघडल्याचा आवाज यायचा. घरी आल्यावर दोन-दोन दिवस अन्न नाही. एकदा उलटी होऊन इतकी गळून गेली की डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन झापलं. मी काय करणार होते?

मावशीकडे गाडी चार्ज करायचंही करून पाहिलं. वाळत घातलेल्या चादरींच्या खालून बोळभर वायर ओढली आणि मावशीच्या घरचा फ्यूज उडवला. शेवटी इंदूरला सर्व्हिसवाल्याला दाखवलं. त्यानं गाडी तपासली आणि म्हणाला, "मैडम, बॅटरी पुरानी है, और आप फुल चार्ज करके धूप में खड़ी रखते हो." ठेवत होतोच. आईचा हुकूम होता तो. आमच्याकडे रात्री पाण्याचा हंडा रिकामा ठेवत नाहीत, तांदळाचा डबा तळाला जाऊ देत नाहीत, मग दारातली गाडी कशी रिकामी राहील? भैरवगढहून आलो की ती आधी विचारायची, "भरायला लावलीस ना?" गुरुवार ते गुरुवार गाडी तुडुंब भरून अंगणातल्या उन्हात उभी. सर्व्हिसवाल्याचं म्हणणं मी तिला सांगितलं, तर माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू मीच काही अभद्र बोलले. "भरलेलं कधी वाईट असतं का गं?" म्हणाली.

नवी बॅटरी गाडीपेक्षा महाग पडत होती. पण भावानं तिकडे चिकाटीनं फोन लावले आणि त्याला अपघातात चेपलेली अशीच एक गाडी सापडली. गाडी गेलेली, बॅटरी चांगली. विकणारा तयार होता, बसवून देणारा तयार होता, फक्त हो म्हणायचं बाकी होतं. मी आईला सांगितलं, "थोडे दिवस थांब, तुझे गुरुवार परत सुरू होतील." त्या दिवशी ती अर्धी पोळी जास्त जेवली.

मग आठवडा गेला तरी भावाकडून काही नाही. मीच फोन केला, तर साहेब म्हणतात, "अगं, ती नको म्हणून मी सांगितलं. दुसऱ्यानं घेतलीसुद्धा. आईच फोनवर म्हणाली ना, बॅटरी वाढली म्हणून! मला वाटलं तिकडेच काही जुगाड झाला."

मला क्षणभर कळेचना. आणि कळलं तेव्हा मी फोन गादीवर आपटला. आमच्या घरी मीठ संपत नाही, वाढतं. दिवा विझत नाही, वाढतो. बांगडी फुटली तरी ती वाढलीच. लहानपणापासून हेच ऐकत आलो आम्ही. पण पुण्यात राहून, चार जणांत उठून-बसून त्याचे कान बदलले होते. तो बिचारा खूश झाला असणार. बॅटरी वाढली!

मी आईच्या खोलीत जाऊन तिला वाट्टेल ते बोलले. "सरळ संपली म्हणायला काय झालं होतं तुला? हिंदीत खतम म्हणायचं! तुझ्या या शुभ-अशुभापायी मिळत होती ती बॅटरीही गेली!" ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. माझं सगळं बोलून झाल्यावर हळूच म्हणाली, "घरात असं आजारी माणूस असताना तोंडातून संपली कसं काढू गं मी?"

मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं.

भावानं नंतर खूप शोधलं, पण तशी बॅटरी पुन्हा मिळाली नाही. गुरुवार बंद पडले. जेवायला वाढलं की आई ताट सरकवायची. ओळखीची एक बाई भेटायला आली आणि शहाणपणानं म्हणाली, शेवटी माणूस काय न् बॅटरी काय, सारखंच. असल्या तुलना करणाऱ्यांचं मला डोकं फिरतं. बॅटरीला बहीण नसते. मी त्या बाईला चहासुद्धा विचारला नाही.

मग एका बुधवारी वेणी घालून घेताना आईनं विचारलं, "जाण्यापुरती आहे ना अजून?"

"काय?"

"बॅटरी. भैरवगढपर्यंत जाते ना?"

"जाते. येताना पुरत नाही, हेच तर रडगाणं आहे."

"मग झालं," ती म्हणाली. "जाण्यापुरतीच पाहिजे."

मला समजलं होतं, पण मी न समजल्यासारखं करत राहिले. तिथे दवाखाना कुठे आहे, केमोचं काय, रात्री-बेरात्री काही झालं तर मावशीला तरी उठता येतं का, असं बडबडत राहिले. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "केमो नको आता. खूप झाली." मी वेणी अर्धी सोडून उठले. मी जन्मभर हिच्याजवळ राहिले आणि शेवटचे दिवस हिला बहिणीकडे काढायचे होते. राग आला मला. आजही येतो. थोड्या वेळानं परत जाऊन वेणी पुरी केली.

दुसऱ्या दिवशी निघालो. एसी बंद, काचा वर, घामानं दोघी निथळत होतो. तिनं पिशवी घेतलीच नव्हती. वाटेत आगर रोडवर नवं काय-काय झालंय ते बघत होती, मला विचारत होती. बोळाच्या तोंडाशी पोचलो तेव्हा बॅटरी अगदी तळाला आली होती, पण इंजिन लागलं नाही. छपाईवाल्यांनी खुर्ची उचलली. मावशी आतून ओरडत होती, "ताई आली का? ताई आली का?"

मी एकटी परत निघाले आणि थोडं पुढे गेल्याबरोबर इंजिन लागलं. लागू दे म्हटलं, आता कोणाला त्रास होणार होता? तशीच घरी आले.

आई तिथे उन्हाळा संपेपर्यंत राहिली. मावशीच्या पलंगाला पलंग लावून. रात्रीचं छपाईवाल्यांच्या घरच्या बायका बघायच्या. मी रोज जायचे, पेट्रोलवर. कपडे बदलून, हात धुऊनच तिच्याजवळ बसायचे. ती दुखण्यानं कळवळायची, पण तिनं उलटी केलेली मी तिथे पाहिली नाही. एका सकाळी मावशीनं तिला हाक मारली तेव्हा ती गेलेली होती.

भाऊ पुण्याहून आला. तिला माधवनगरला न आणता तिथूनच चक्रतीर्थाच्या स्मशानघाटावर न्यायचं ठरलं. शववाहिनी बोळाच्या तोंडाशी आली, डिझेलची, जुनी खटारा. खुर्ची उचलणाऱ्यांनीच तिला बोळातून बाहेर आणलं. मागे मी आणि भाऊ तिच्या दोन बाजूंना बसलो. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली तशी सबंध गाडी थरथरली आणि धुराचा भपकारा आत आला. मी उठून खिडकीची काच ओढायला लागले. ती अडकली होती, दोन्ही हातांनी ओढावी लागली.

"कशाला उघडतेस?" भाऊ म्हणाला. "रस्ता खोदलाय, सगळी धूळ येईल."

"येऊ दे," मी म्हटलं. "तिला वास सहन होत नाही."